दुकानात स्वाइप मशीन घ्यावी का : कमिशनच्या आधी गिऱ्हाईक मोजा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दिग्रसकडे तुमचं मोटारपंप, पाइप, फवारणी पंपाचं दुकान आहे, काउंटरवर क्यूआर लावलेला आहे, आणि एक माणूस स्वाइप मशीन घ्या म्हणून मागे लागून राहिला आहे. महिन्याचं भाडं सांगतो अन् कमिशन नाममात्र म्हणतो. तुमचं म्हणणं, दोन टक्के कापले तर पंपामागे उरते काय, रेंज तर येत-जात राहते, क्यूआर असताना हे काहून घ्यावं.

मी आर्वी तालुक्यात रोडवरच्या गावात कृषी केंद्र चालवतो, सोबत पाइप, स्प्रिंकलर, पंप ठेवतो. नोटाबंदी झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, 2017 मध्ये पहिली मशीन घेतली. मध्ये एकदा कंटाळून परत केली, वर्षभराने पुन्हा घेतली. म्हणून दोन्ही बाजू पाहिलेल्या आहेत.

तुम्ही कमिशन विचारलं, पण खरा प्रश्न तो नाही असं मला वाटते. खरा प्रश्न हा की ज्याला क्यूआरने देता येत नाही, ज्याने रोख आणलेली नाही, पण कार्ड मात्र खिशात आहे, असं गिऱ्हाईक तुमच्याकडे महिन्याला किती येते? ज्याचं क्यूआरने भागते त्याच्यासाठी मशीन घ्यायची गरजच नाही, त्यात तुम्हाला काही कापल्या जात नाही आणि त्यालाही सोपं पडते.

माझ्याकडे असं गिऱ्हाईक चार प्रकारचं निघालं. एक, मोठ्या रकमेवालं. युपीआयला नेहमीच्या व्यवहारात दिवसाला 1 लाखाची मर्यादा राहते, बँक आपली त्याहून कमीही ठेवते, आणि ज्याने आजच नवीन फोनवर अ‍ॅप चालू केलं त्याला तर पहिल्या दिवशी फारच कमी रक्कम पाठवता येते. तो पंप अन् पाइप मिळून 38 हजाराचा माल काढून ठेवतो आणि पैसे जात नाहीत. दोन, बटनाचा फोनवाले बुढे माणसं. फोनवर काही करत नाहीत, पण जनधनचं किंवा पेन्शनच्या खात्याचं रुपे कार्ड कापडाच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेलं असते. तीन, पीककर्जाचं किसान कार्डवाले, त्यांची रक्कम त्या खात्यातच राहते. आणि चार, नोकरीवाले, मास्तर, एसटीतले, तलाठी ऑफिसातले, ज्यांचं घरी वावर आहे आणि खिशात क्रेडिट कार्ड आहे. हे चौथे उधारी मागत नाहीत, कार्डावर घेऊन पुढच्या महिन्यात भरतात.

म्हणून त्या माणसाला हो-नाही म्हणायच्या आधी एक काम करा. गल्ल्याजवळ वही ठेवा आणि पंधरा दिवस, बाजाराचा दिवस धरून, फक्त एवढं लिहा की "कार्ड चालते का" असं किती जणांनी विचारलं, किती रकमेसाठी, आणि नाही म्हटल्यावर काय झालं. एटीएमवर जाऊन परत आला, उधार घेऊन गेला, की दारव्ह्याला जाऊन घेतला. हा तिसरा प्रकार खरा तोटा आहे आणि तो कोणत्याच हिशेबात दिसत नाही, कारण जे विकलंच नाही त्याचं बिल कुठून राहणार. मशीन परत केली होती त्या वर्षी मला हे कळलं. एटीएम आमच्या गावापासून अकरा किलोमीटर, ते पण बरेचदा रिकामं, आणि जो माणूस पैसे काढायला अकरा किलोमीटर गेला तो तिथल्याच दुकानातून पंप घेऊन येतो, परत कशाला येईल.

आता कमिशन. "दोन टक्के" हे सगळ्या कार्डाला धरू नका. रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला शून्य कमिशन आहे, युपीआयला आहे तसंच. आपल्या खेड्यात निघणारी बहुतेक कार्डं तीच, कारण 2014 ला जनधन सुरू झाल्यापासून घरोघरी रुपेच वाटल्या गेलं. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं डेबिट असेल तर रिझर्व्ह बँकेने 2018 पासून मर्यादा घातलेली आहे. वर्षाची उलाढाल 20 लाखापर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के आणि एका व्यवहाराला 200 रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून जास्त असेल तर 0.90 टक्के, आणि 1000 रुपयांच्या वर नाही. क्रेडिट कार्डाला मात्र अशी मर्यादा नाही, तिथे जो करार होईल तो, आणि दीड-दोन टक्क्याची गोष्ट तिथली आहे. रुपेचं क्रेडिट कार्ड पण त्यातच धरा, नाव रुपे दिसलं म्हणून फुकट समजू नका.

20 हजाराचा पंप धरा. रुपे डेबिटवर कापले शून्य. व्हिसा डेबिटवर, तुमची उलाढाल 20 लाखाच्या वर असेल तर 180 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 212 रुपये 40 पैसे. क्रेडिट कार्डावर दर 1.8 टक्के ठरला असेल तर 360 अधिक जीएसटी, म्हणजे जवळपास 425. आता तुमचा त्या पंपावर नफा किती आहे ते तुम्हालाच माहीत, पण हे 425 उधारीच्या बाजूला ठेवून पहा. उधारीचा पंप कापूस निघेपर्यंत, चुकारा म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे मिळेपर्यंत, पाच-सहा महिने अडकते, आणि त्यातले काही तर पुढच्या मृगातच निघतात. मला 425 रुपये देऊन दुसऱ्या दिवशी खात्यात पैसे मिळत असतील तर मी एक मिनिट विचार करणार नाही. पण पाइपाच्या जोडण्या, नळ, वॉशर असल्या चिल्लर मालावर क्रेडिट कार्ड घेणं मला पटत नाही, तिथे क्यूआर पुढे करतो.

एक मात्र करू नका, कमिशन गिऱ्हाइकाकडून वसूल. "कार्डवर दोन टक्के जादा पडतील" असं बऱ्याच दुकानात सर्रास सांगतात. रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगून ठेवलं आहे की दुकानदाराने हे शुल्क गिऱ्हाइकावर टाकता कामा नये. तक्रार झाली तर मशीन जाते. आणि रुपे डेबिटवर तुमचे कापलेच जात नाहीत, तर तिथे दोन टक्के घेणं म्हणजे त्या माणसाला सरळ फसवणंच झालं.

भाड्याचा हिशेब वेगळा करा, कारण खेड्यातल्या दुकानाला कमिशनपेक्षा भाडं जड जाते. समजा 400 रुपये भाडं, जीएसटी धरून 472. महिन्यात कार्डाचा धंदा 20 हजाराचा झाला तर हेच 2.36 टक्के झाले, 2 लाखाचा झाला तर पाव टक्क्याच्याही खाली. आपला धंदा आहे हंगामी. जून-जुलैत अन् पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात रबीच्या तोंडावर पंप-पाइप निघतात, मधले महिने माशा मारायचे, पण भाडं तर बारा महिने चालूच राहते. म्हणून वर्षाचं भाडं वर्षाच्या कार्ड-धंद्याने भागा, एका चांगल्या महिन्यावरून ठरवू नका. आणि त्या माणसाला विचारा, अमुक रकमेच्या वर धंदा झाला तर भाडं माफ आहे का, धंदा कमी झाला तर दंड आहे का, परत करायची असेल तर किती महिन्याची अट. मी पहिल्यांदा परत केली तेव्हा तीन महिन्याचं भाडं जादा भरावं लागलं, कागदावर बारीक अक्षरात होतं आणि मी वाचलं नव्हतं. जे तोंडाने सांगतात ते व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

रेंजचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे आणि याच्यावर कुणी नीट सांगत नाही. मशीनमध्ये सिम त्यांचं राहते, ते कोणत्या कंपनीचं देतात ते आधी ठरवून घ्या. त्याआधी आठ दिवस वेगवेगळ्या सिमचे फोन गल्ल्यावरच ठेवून पहा, बाहेर रोडवर नाही, कारण वरून टिनाचं शेड असलं की बाहेर चार काड्या दिसतात अन् आत एकही नाही. वायफायवर चालणारी मशीन मिळत असेल तर तीच घ्या, म्हणजे सिम गेलं तर स्वतःच्या फोनचं हॉटस्पॉट लावता येते. लाइन गेली की टॉवरही थोड्या वेळाने बसतो, तेव्हा काहीच चालत नाही, ते मान्य करून चाला.

आणि मधातच रेंज गेली तर काय, हे मशीन घेण्याच्या आधी शिकून ठेवा, सगळा घोळ इथे होतो. चार वर्षांपूर्वी जुलैत, झड लागलेली, एका शेतकऱ्याचे 11 हजार स्वाइप केले, मशीन फिरत राहिली आणि शेवटी फेल दाखवलं. मी पुन्हा कार्ड घालायला लावलं, यावेळी स्लिप निघाली. संध्याकाळी तो आला, दोन्ही वेळचे 11 हजार कटले होते. त्याच्या पोरीची अ‍ॅडमिशनची फी होती त्या खात्यात. पैसे सहाव्या दिवशी परत आले, पण ते सहा दिवस मी त्याच्या तोंडाकडे पाहू शकलो नाही, शेवटी फीसाठी मीच हातउसने दिले. तेव्हापासून नियम केला, फेल दाखवलं की लगेच दुसरा स्वाइप नाही. आधी गिऱ्हाइकाच्या फोनवर मेसेज आला का पाहतो, मग मशीनमध्ये शेवटचा व्यवहार काढून पाहतो, बहुतेक मशिनीत शेवटची स्लिप पुन्हा छापायची सोय राहते. पैसे कटले आणि आपल्याकडे स्लिप नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसात ते आपोआप परत जायला पाहिजे, त्याच्या पुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची आहे. हे गिऱ्हाइकाला सांगा, कागदावर तारीख, वेळ, रक्कम लिहून द्या. बँकेत गेला की त्याला तेच विचारतात. ओळखीचा असेल तर मी माल देतो अन् वहीत लिहून ठेवतो. अनोळखी असेल तर पैसे कुठे आहेत ते कळेपर्यंत माल थांबवतो, आणि तसं नीट समजावून सांगतो.

रक्कम टाकायच्या बाबतीत एक बारीक गोष्ट. बऱ्याच मशिनी पैशापासून मोजतात. 1250 दाबलं की ते 12 रुपये 50 पैसे होते, 1250 रुपये पाहिजे तर पुढे दोन शून्य अजून. आमच्याकडे कामाला नवीन पोट्टा होता, त्याने साडेबाराशेच्या जागी साडेबारा रुपये घेतले अन् माल देऊन टाकला. गिऱ्हाईक बाजूच्याच गावचं होतं म्हणून पैसे मिळाले. उलटंही होते, शून्य जास्त पडते. म्हणून पिन टाकायच्या आधी रक्कम मोठ्याने वाचायची आणि स्क्रीन गिऱ्हाइकाला दाखवायची. चूक झालीच तर त्याच दिवशी, सेटलमेंट (दिवसाचा हिशेब बंद करून पैसे खात्याकडे पाठवणं) व्हायच्या आधी, व्हॉइड करा, पूर्ण व्यवहार रद्द होते. एकदा सेटलमेंट झालं की मग रिफंड, अन् त्याला बरेच दिवस लागतात. जुन्या मशिनीत दिवसाचं सेटलमेंट हाताने करावं लागते. ते विसरलं तर तुमचे पैसे खात्यात येत नाहीत, आणि आपण बँकेला शिव्या देत बसतो. आपोआप होते का ते विचारून घ्या.

पिनबद्दल मी थोडा कडक आहे. आपल्याकडे बुढा माणूस कार्ड अन् पिनची चिठ्ठी दोन्ही आपल्या हातात देतो, "तूच टाक बाप्पा" म्हणतो. विश्वासाने देतो, पण घेऊ नका. उद्या त्याच्या खात्यातून दुसऱ्याच कुणी पैसे काढले तर पहिलं नाव तुमचं येईल. आणि त्याची सवय इथे लागली की तो एटीएमवर अनोळखी माणसालाही तशीच चिठ्ठी देईल, तिथे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मी मशीन त्याच्या हातात देतो, 5 च्या बटनावर उंचवटा राहतो, तो बोटाला लागला की वर 2, खाली 8, असं शिकवतो, शेवटी हिरवं बटन. दोन-तीन वेळात जमते. याच कारणाने मी काचेच्या स्क्रीनवाली मशीन परत करून बटनवाली मागून घेतली. काचेवर बोटाला काही लागत नाही, नजर कमी असलेल्या माणसाचा पिन चुकतो, आणि तीनदा चुकला की कार्ड ब्लॉक होते. तुमचं गिऱ्हाईक जास्त करून जवान पोरं असतील तर काचेवाली घ्या, तिच्यावर क्यूआर पण येतो. हे ज्याच्या-त्याच्या गिऱ्हाइकावर आहे.

टॅप करून 5 हजारापर्यंत पिनशिवाय व्यवहार होते, पण गावात बरेच जण टॅप करतात अन् होत नाही. कारण नवीन कार्ड देताना बँक फक्त देशातल्या एटीएमला अन् मशीनमध्ये घालून वापरायलाच चालू ठेवते, टॅप गिऱ्हाइकाने स्वतः चालू करून घ्यावं लागते. तेव्हा कार्ड खराब आहे म्हणून परत करू नका, चिप आत घालून पहा.

अजून एक, खताची मशीन. कृषी केंद्रात अनुदानाच्या खतासाठी जी आधारची मशीन 2018 पासून देशभर आहे, तिच्यात फक्त विक्रीची नोंद होते, पैसे जात नाहीत. तुमच्या शेजारी कृषी केंद्र असेल तर लोक दोन्हीत गोंधळतात. अंगठा लावला तर पैसे कटतील का म्हणून माझ्याकडे अजूनही विचारतात, अन् काही जण कार्डाच्या मशीनवर अंगठा ठेवतात. चिडू नका, गावात बँकेचं काम करणाऱ्या बँक मित्राकडे अंगठ्यानेच पैसे निघतात, मग त्यांचं तरी काय चुकलं.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटते ते. मशीन लागली की पेरणीच्या तोंडावर तुमच्याकडे ओळखीचा कोणीतरी येईल आणि म्हणेल, भाऊ, क्रेडिट कार्ड स्वाइप करून 40 हजार कॅश दे, दोन टक्के तू ठेव. बियाण्याची घाई असते, पीककर्ज आलेलं नसते, सावकाराकडे जायचं नसते. माणूस खोटा नसतो, अडचण खरी असते. तरी हो म्हणू नका. माल न विकता स्वाइप करणं करारात बंद आहे, कंपनीला संशय आला की मशीन बंद आणि पैसे अडकवून ठेवतात, पुढे दुसरी कंपनी पण देत नाही. शिवाय ते 40 हजार तुमच्या विक्रीत दिसतात, बिल नाही, माल नाही, अन् जीएसटीत उत्तर तुम्ही द्यायचं. आणि त्या माणसाचं पहा, कार्डाचं बिल थकलं की व्याज महिन्याला तीन टक्क्याच्या आसपास चढत जाते, कापूस निघेपर्यंत त्याचं काय होईल. मी एकदाच केलं होतं, मित्र होता, त्याला ते फेडायला दोन हंगाम लागले. आता कोणी मागितलं तर बियाणं उधार देतो, वहीत लिहितो, पण कार्ड घासत नाही.

"मशीन लावली की सगळं आयकरवाल्यांना दिसेल" ही पण भीती असेलच. दिसते, पण क्यूआरचंही दिसतेच की. उलट अंदाजे नफ्याच्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर रोख विक्रीवर 8 टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर 6 टक्के. 30 लाखाच्या विक्रीवर 2 लाख 40 हजार अन् 1 लाख 80 हजार, एवढा फरक. तुमच्या सीएला एकदा विचारा. अन् कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्यासाठी बँकेच्या कर्जाचं खातं असेल तर मशीनचे पैसे त्याच खात्यात लावून घ्या, रोज जमा झालेल्या रकमेवरचं व्याज वाचते. माझ्या हिशेबात माझं भाडं त्यातून निघून जाते.

स्लिपचं राहिलं. मार्च-एप्रिलपासून आपल्याकडे पारा पंचेचाळीसकडे जातो, त्या कागदाला उन्हाची धग लागली की तो काळा पडतो, अन् फाइलमध्ये ठेवली तरी अक्षरं उडून जातात. गिऱ्हाइकाने बँकेत "मी हा व्यवहार केलाच नाही" अशी तक्रार टाकली तर तुम्हाला स्लिप अन् बिल दाखवावं लागते, तेव्हा कोरा कागद काय कामाचा. पाच हजाराच्या वरची प्रत्येक स्लिप मी बिलाला टाचतो आणि दोन्हीचा मिळून फोटो काढून ठेवतो. मशीन पण काउंटरच्या उन्हाच्या बाजूला ठेवू नका, बॅटरी फुगते.

म्हणजे तुमच्यापुरतं सांगायचं तर, वहीत पंधरा दिवसात कार्ड विचारणारे दोन-चारच निघाले तर क्यूआर अन् पैसे आले की बोलून सांगणारा आवाजाचा डबा पुरे, त्या माणसाला नाही म्हणा. आठ-दहा निघाले आणि त्यातले निम्मे पंपाचे असतील तर घ्या, पण जूनमध्ये घेऊ नका, मार्च-एप्रिलात घ्या. पेरणीच्या गर्दीत शिकायला वेळ नसतो अन् बसवणारा माणूसही फोन उचलत नाही. आली की घरच्या कुणाच्या रुपे कार्डाने एखादी खरी वस्तू विका, एक व्यवहार त्याच दिवशी व्हॉइड करून पहा, एक तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी खात्यात किती आले ते स्टेटमेंटशी मिळवा. कुठे अडलं तर स्लिपवर किंवा स्क्रीनवर जे लिहून आलं ते जसंच्या तसं मला पाठवा, नुसतं फेल झालं म्हटल्यावर कार्डात आहे, रेंजमध्ये आहे की बँकेत आहे ते समजत नाही.